डावीकडची बासरी

बासरी आली नाही.

इयरफोनमधल्या गाणारीने ओळ संपवली, श्वास घेतला, आणि त्या श्वासामागून दर वेळी जिथे बासरी यायची तिथे तुलारामला नुसती मिल ऐकू आली. धान सोलणाऱ्या शेलरची घरघर, धान वर नेणाऱ्या डब्यांची खडखड, पट्ट्याची लांबलचक सूं. कणी किती पडते ते बघायला त्याने ओंजळभर तांदूळ हातात घेतला होता. तो हातातच राहिला. गाणं पुढे सरकलं. दुसऱ्या कडव्यानंतर बासरी जरा जास्त वेळ वाजायची, एखादी बाई दारातून निघता निघता पुन्हा वळून काही सांगते तशी. तुलाराम वाट बघत उभा राहिला. तिथेही ती आली नाही. कडव्यांच्या मध्ये एक खड्डा होता आणि त्यात कोंड्याची धूळ तरंगत होती. त्याने वरच्या खिशातून प्लेअर काढला, उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने पुसला. पडद्यावर तीस आकडा दिसत होता. आवाज तीसच्या वर जात नाही. हा तीसवर केव्हा गेला, ते मात्र त्याला आठवेना.

तुमसरच्या त्या राइस मिलमध्ये तुलाराम बावीस वर्षांपासून ऑपरेटर होता. प्लेअर त्या मानाने अलीकडचा, चौदा वर्षांचा. मुलगी टीना चौथीत असताना नागपूरला सीताबर्डीवर घेतलेला, अंगठ्याएवढा, नारिंगी उजेडाचा. दुकानदारानेच त्यात दीडशे गाणी भरून दिली होती आणि चौदा वर्षं तीच दीडशे गाणी त्याच क्रमाने वाजत आली. टीना आता नागपूरला नोकरी करते. दिवाळीला आली की म्हणते, बाबा, हे कायले बाळगता, मोबाईलवर सगळं मिळते. तुलाराम हसतो. मोबाईलवर मधेच कोणी हाक मारतं, हे तिला काय सांगणार. प्लेअरमध्ये कोणी हाक मारत नाही. अठ्ठ्याऐंशीवं गाणं संपलं की एकोणनव्वदावं येतं, आणि ते येणार हे माहीत असताना माणूस मिलमध्ये उभा असतो पण मिलमध्ये नसतो. सुरुवातीला आकडा चौदावर असायचा. गाण्याच्या खालून त्याला मशीनही ऐकू यायचं; शेलरचे रबरी रोल झिजले की घरघरीत एक पातळ किरकिर मिसळते, ती तो गाण्याच्या मधूनही पकडायचा. "तुलाराम कानानं मिल चालवते," असं मालक लोकांना सांगायचे. गेल्या महिन्यात मात्र बेअरिंग जळाल्याचा वास आला तेव्हा त्याला कळलं. पोती शिवणारा नत्थू सकाळपासून म्हणत होता, तुलाराम भाऊ, काहीतरी वाजून राहिलं. आपण त्याला काय म्हणालो होतो? "हो" म्हणालो होतो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो बाजारात विनोदकडे गेला. विनोदचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट. मागे भिंतीला टांगलेल्या वायरी, पुढे काचेचं टेबल, त्यावर भिंग आणि तापलेल्या कथिलाचा वास. याच माणसाने प्लेअरची बॅटरी दोनदा बदलली होती, एकदा बटन, एकदा इयरफोनची पिन जिथे जाते ते भोक.

"गेला वाटते हा," तुलाराम म्हणाला. "डावीकडून वाजून नाई राहिला."

"किती वर्षं झाले?"

"चौदा."

"चौदा!" विनोदने भिंग डोळ्यावरून वर केलं. "अहो, कंपनी तीन वर्षं धरून बनवते. पहिले बॅटरी जाते, मंग बटन, मंग पिन. पाच वर्षं चालला तं खूप झालं. तुमी तं त्याले नोकरीलेच ठेवलं." त्याने इयरफोन स्वतःच्या कानात घातले. गाणं लागलं. विनोदची मान थोडी कलली. तुलाराम त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला; गाणं कुठे आलं असेल ते त्याला बाहेरून मोजता येत होतं. आता ओळ संपेल. आता श्वास. आता. विनोदच्या भुवया जराशा वर गेल्या, चांगलं काही कानावर आलं की जातात तशा.

"बासरी तं येऊन राहिली, भाऊ."

"डावीकडून?"

"डावीकडूनच. मस्त येऊन राहिली." विनोदने इयरफोन काढले, पुसले, आणि का कोण जाणे, उलटे करून दिले. डावा उजव्या हातात, उजवा डाव्या हातात. "असे लावून पाहा बरं."

तुलारामने तसे लावले. गाणारी एकदम लांब गेली, भिंतीपलीकडे गेल्यासारखी. आणि उजव्या कानात, अगदी जवळ, ओठ टेकवल्यासारखी बासरी वाजली. पूर्ण. कुठे खरचटलेली नाही, झिजलेली नाही. चौदा वर्षांपूर्वी होती तशीच.

विनोदने टेबलाचा खण ओढला. आत दहा-बारा प्लेअर पडले होते, निळे, काळे, एक गुलाबी. "हे सगळे चालू आहेत," तो म्हणाला. "एकही बिघडला नाई. लोकं ठेवून गेले ते आलेच नाई. तुमचाही काई बिघडला नाई, भाऊ. कानवाल्या डॉक्टरले दाखवा."

दुकानाबाहेर येऊन तुलाराम मोटरसायकलला टेकून उभा राहिला. मग त्याने उजव्या कानात बोट घातलं. बाजार पाण्याखाली गेला. समोर भाजीवाली तोंड उघडत होती, मिटत होती. एक ट्रॅक्टर धानाची पोती घेऊन त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेला, तो फक्त पायाच्या तळव्यांना कळला. बोट काढलं, बाजार वर आला. बोट घातलं, बुडाला. लहानपणी करडी गावात घराजवळच्या बोडीच्या तळ्यात बुडी मारली की असंच व्हायचं. काठावरची पोरं ओरडत आहेत हे दिसायचं, वर हिरवा उजेड हलायचा, आणि कानात स्वतःचंच रक्त वाजायचं. बुडी मारून तळ्यात बसून राहायला त्याला आवडायचं. वर आलं की आवाज अंगावर पडायचे. बाप, बुधराम, तर आवाजावरच शेती करायचा. धानाची बांधी पाण्याने भरलेली असताना खेकडे तिच्या कडेच्या मातीच्या पाराला भोकं पाडतात, आणि पाणी आतल्या आत खालच्या बांधीत पळून जातं, वरून काही दिसत नाही. बाप पारावर पालथा पडून मातीला कान लावायचा. एकेक हात पुढे सरकायचा. मध्येच हात वर करायचा, म्हणजे सगळ्यांनी गप्प राहायचं. "इथून जाऊन राहिलं," म्हणायचा, आणि खरंच तिथेच असायचं. तुलारामलाही त्याने एकदा पालथं पाडलं होतं. गार चिखल गालाला, आणि आत, खूप आत, कोणी तोंडातल्या तोंडात बोलावं तसं पाणी. आपला कान म्हणजे मातीला लावलेला तोच कान. बोट काढावं की ठेवावं हे त्याला कळेना. भाजीवाली आता त्याच्याकडेच बघत होती.

घरी त्याने बायकोला, रीताला, काही सांगितलं नाही. ती स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली आणि तो पहिल्यांदाच दचकला. म्हणजे म्हणाली की नाही? पाठमोरी होती. भाताची वाफ वर चढत होती. तो दोन पावलं चालून तिच्या डाव्या बाजूला गेला, म्हणजे ती त्याच्या उजवीकडे आली. "काय म्हनलं?" त्याने विचारलं. "काई नाई," ती म्हणाली. मग जेवताना, भात कालवताना, ते त्याच्या डोक्यात हळूच शिरलं. मोटरसायकलवर बाई मागे एका बाजूला पाय सोडून बसते. पाय डावीकडे. तोंड डावीकडे. दर रविवारी तुमसरहून करडी, शेत बघायला, आणि संध्याकाळच्या आत परत. इतकी वर्षं. डाव्या खांद्यावर तिचा हात, आणि मानेपाशी एक ऊब, येणारी-जाणारी. ती वाऱ्याची नव्हती. ती बोलत असायची. त्या उबेला तो "हो" म्हणायचा. कधी दोनदा म्हणायचा. कशाला हो म्हणालो? रस्ता, पूल, दोन्हीकडे धान, आणि मानेवर ती ऊब. त्याला तो प्रवास नेहमी फार शांत वाटत आला होता. आपल्या संसारात भांडण नाही, असं त्याला वाटायचं. गेल्या काही वर्षांत तर रीता किती निवळली, असंही त्याने स्वतःशी म्हटलं होतं.

गुरुवारी तो एकटाच भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे गेला. मिलमधून सुट्टी काढली, घरी मिलचंच काम आहे असं सांगितलं. एका लहान काचेच्या खोलीत त्याला बसवलं. जाड भिंती, दार लागलं आणि जग पुसलं गेलं. कानाला मोठे हेडफोन, हातात बटन. आवाज आला की दाबायचं. आधी उजवा. टिंग आला, दाबलं. बारीक टिंग, दाबलं. आणखी बारीक, चांदणी असते-नसते तसा, थांबून दाबलं. मग डावा. तुलाराम बसून राहिला. शांतता अशी होती की तिला पोत होता, रापलेल्या सुपासारखा. त्या शांततेत त्याला कायकाय ऐकू येऊ लागलं. बासरी आली. पाराखालचं पाणी आलं. एक तान्हं मूल रडलं, फार लांब, आणि थांबलं. त्याने बटन दाबलं. पुन्हा दाबलं. काचेपलीकडची मुलगी त्याच्याकडे बघून मान हलवत होती. तिने अजून काही वाजवलंच नव्हतं.

डॉक्टर वयाने लहान होते, बोलायला शांत. कागदावरच्या दोन रेषा दाखवल्या. उजवी उतरत होती, डावी खाली जाऊन पडली होती. मशीनच्या कोणत्या बाजूला उभे राहता? डावा कान मशीनकडे, तुलाराम म्हणाला. आणि वरून इयरफोन, मोठ्या आवाजात, रोज आठ-दहा तास. नस झिजली आहे, ते म्हणाले, ती परत येत नाही. उजव्याला जपा. मिलमध्ये कानात बोळे घाला, गाणी बंद. मग कागद घडी करता करता, सहज, वाईट हेतू नसताना ते म्हणाले, "दोन वर्षं आधी आला असता, तर डावा निम्मा तरी वाचला असता. घरच्यांच्या लक्षात नाही आलं का?"

"नाई," तुलाराम म्हणाला.

परत येताना त्याने प्लेअर विनोदच्या खणात ठेवून दिला. विनोदने वायर गुंडाळून नीट बाजूला लावली. शुक्रवार, शनिवार मिल तशीच चालली. कानात कापसाचे बोळे. रोल झिजले का ते बघताना त्याने हात मशीनच्या अंगावर ठेवला आणि किरकिर तळहाताने शोधायचा प्रयत्न केला. थोडी सापडली. मालकांनी विचारलं, "गाणे नाई आज?" तो म्हणाला, "जुना झाला."

रविवारी ते करडीला गेले. धान कापून झालं होतं. कापलेल्या खुंटांच्या मधून लाखोळी कडधान्याची कोवळी हिरवळ वर आली होती, ऊन मऊ होतं. काम फारसं नव्हतं. रीताने पारावर फडकं पसरलं, डबा सोडला, भाजी वाढली. तुलाराम जागा बदलून तिच्या डाव्या हाताला बसला. त्याने ठरवलं होतं तसं सांगितलं. साध्या शब्दांत. की डावा कान गेला आहे. की भंडाऱ्याला जाऊन आलो. की तू गाडीवर जे बोलत होतीस ते मला ऐकू आलंच नाही, मी उगाच हो म्हणत होतो.

रीता भाकर मोडत होती. ती थांबली नाही.

"मले मालूम आहे," ती म्हणाली.

"काय मालूम आहे?"

"कान." तिने भाकरीचा तुकडा त्याच्या ताटात ठेवला. "दोन वर्षं झाले. परवाची नाई, मागची नाई, त्याच्या आधीची दिवाळी. गाडीवर मी म्हनलं, आज मले जगाव नाई वाटून राहिलं. तुमी म्हनले, हो, घेऊन टाक." ती जराशी हसली आणि हसणं लगेच गेलं. "मी घरी येऊन खूप रडली. मंग दुसऱ्या रविवारी म्हनलं, तुमच्या डोक्शावर बगळा बसला. तुमी म्हनले, हो. गाडीवरून उतरून दुसऱ्या बाजूनं म्हनलं तं तुमी डोक्शाले हात लावला. तवा समजली मी."

तुलारामला तो हात आठवला. डोक्यावर काही नव्हतं. रीता हसली होती आणि तोही हसला होता.

"मंग सांगितलं काहून नाई?"

ती शेताकडे बघू लागली. खालच्या बांधीत दोन बगळे खुंटांमधून पाय उचलून उचलून चालत होते. "सांगनार होती," ती म्हणाली. "देवाशपथ. उद्या सांगीन, उद्या सांगीन. पन त्याच्या पुढच्या रविवारी गाडीवर मी त्याचं बोलली. पयल्याचं."

पहिला मुलगा. टीनाच्या आधीचा. नऊ दिवस जगलेला, सव्वीस वर्षांपूर्वी. त्याला पुरून आल्यावर तुलारामने अंगणात पाय धुतले होते आणि दारातच तिला सांगितलं होतं, हा विषय आता घरात नको. तेव्हा ते त्याला शहाणपणाचं वाटलं होतं. ती बाजेवर बसली होती, पदराला दुधाचे डाग होते. ती हो म्हणाली होती. त्यानंतर खरंच विषय निघाला नाही, आणि निघाला नाही म्हणून तो संपला, असं त्याने धरून टाकलं होतं.

"तुमीच म्हनलं होतं ना," रीता म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी कोनाजवळ बोलू? मायजवळ बोलली तं ते रडे. टीनाजवळ कसं बोलू? मंग तुमचा हा कान. तुमी जवळ असा, आंगाले आंग लागून असा, आन् तुमाले ऐकू नाई ये. तो आता केवढा झाला असता, काय शिकला असता, कोनावानी दिसला असता, सगळं बोलली मी. नावबी ठेवलं. तुमी दर वेळी हो म्हना. मले लय बरं वाटे. सांगितलं असतं तं ते बंद झालं असतं." ती थांबली. मग एकदम, घाबरून, त्याच्याकडे वळून म्हणाली, "डाक्टर काय म्हनले पन? आधी आलो असतो तं बरा झाला असता का?"

तुलारामने घास तोंडात घातला. लाखोळीवरून वारा आला तो त्याला अंगावर कळला. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत मिलच्या बाजूने किती काय झिजून गेलं, ते कागदावर रेषेने काढलेलं त्याच्या खिशात घडी घालून होतं. काढून दाखवता आलं असतं. त्याला राग आला होता. तो छातीत कुठेतरी होता, खरा होता. आणि त्याच्या शेजारी ती बाजेवर बसलेली होती, सव्वीस वर्षांपूर्वीची, हो म्हणणारी.

"नाई," तो म्हणाला. "म्हनले, मिलमंधी आयुष्य गेलं, हे होनारच होतं. कवाबी आलो असतो तरी तेच."

"खरं?"

"खरं."

तिने श्वास सोडला. तो त्याने ऐकला, कारण ती उजवीकडे होती. मग त्याने विचारलं, "नाव काय ठेवलं?"

रीताने डब्याचं झाकण लावलं, फडकं झटकलं, त्याची घडी घातली. "सांगीन," ती म्हणाली. "आज नाई."

चार वाजता ते निघाले. ऊन तिरपं झालं होतं. ती नेहमीसारखी पाय एका बाजूला सोडून बसली, हात खांद्यावर. गाव मागे पडेपर्यंत मानेवर काही आलं नाही. आता ती बोलणार नाही, त्याला वाटलं. मी सांगून टाकलं, आणि तेही गेलं. रस्त्याच्या दोन्हीकडे कापलेली शेतं, मध्येच धानाचे भारे, कुठे बैल. मग नाल्यावरची उतरण संपली आणि ऊब आली. आधी थोडी, चाचपत. थांबली. पुन्हा आली.

त्याची नजर डावीकडच्या आरशात गेली. आरशात तिचं अर्धं तोंड होतं, केस उडत होते, आणि ओठ हलत होते. ती समोर कुठेच बघत नव्हती. एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. ओठ आधी मिटत, मग रुंद होत. लहान शब्द होता, नावासारखा. मिलमध्ये बावीस वर्षं लोकांचे ओठ बघूनच तो निम्मं समजून घेत आला होता. अजून दोनदा आला असता तर त्याला वाचता आला असता.

तुलारामने हँडलवरचा डावा हात उचलला आणि आरसा बाहेरच्या बाजूला वळवून टाकला. आता त्यात शेतं मागे चालली होती, त्यांच्यावरचं ऊन, एक बाभूळ. मानेवरची ऊब येत राहिली, जात राहिली. पुढे वैनगंगेचा पूल दिसू लागला, तशी त्याने गाडी हळू केली. पुलावर आणखी हळू.